कापसाच्या मुलखांतील शाळेची बाग

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत हंटर शिक्षण आयोगापुढें जें निवेदन ठेवलें, त्यांतील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच निवेदनांतील एका लहानशा सूचनेकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. खेड्यांतील शाळांत विषय कमी असले तरी चालतील, पण ते व्यवहाराच्या उपयोगाचे असावेत. मुलांना शेतीचे प्राथमिक धडे द्यावेत आणि त्या धड्यांना जोड म्हणून शाळेपाशीं एक लहानसें नमुन्याचें शेत असावें, असें जोतीरावांचें सांगणें होतें. सांगणारा पुरुष माळ्याच्या कुळांतला. रोप कसें लावावें हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. याच जोतीरावांनीं नऊ वर्षें आधीं, १८७३ सालीं, 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केला होता.

पुण्यांत हें निवेदन लिहिलें जात होतें, तेव्हां ज्या गुलामांविषयीं जोतीरावांना इतकी आस्था वाटत होती, त्यांच्या मुलांसाठीं अमेरिकेच्या दक्षिण भागांत एक शाळा नुकतीच उघडली होती. अलाबामा संस्थानांतील टस्कीगी या गांवीं ४ जुलै १८८१ रोजीं बुकर टी. वॉशिंग्टन या पंचविशींतल्या तरुणानें ती सुरू केली. तो स्वतः गुलाम म्हणून जन्माला आलेला. संस्थानच्या सरकारनें शाळेला वर्षाकाठीं दोन हजार डॉलर मंजूर केले होते. पण ते शिक्षकांच्या पगारापुरते. जमीन, इमारत, बांक, फळे यांसाठीं एक छदामहि नव्हता. पहिले वर्ग भरले ते एका चर्चमध्यें आणि त्याच्या शेजारच्या मोडक्या झोंपडींत. पुढें गांवाबाहेरची ओसाड पडलेली शंभर एकरांची मळ्याची जमीन पांचशें डॉलरांना मिळाली, आणि तिचा पहिला हप्ताहि उसने पैसे काढून भरावा लागला. शाळेंतील बागकामाची ही कथा येथून सुरू होते. हौसेपोटीं नव्हे, पोटापाण्याच्या निकडींतून.

हा सारा मुलूख कापसाचा. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, पण जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली. कालचे गुलाम आज अर्धेलीनें जमीन कसूं लागले. बीं, खत, औत, वर्षभराचें धान्य सारें मालकाकडून किंवा दुकानदाराकडून उधार घ्यावयाचें आणि हंगामांत कापूस घालून तें फेडावयाचें. फेडतां फेडतां वर्ष सरे, कर्ज मात्र सरत नसे. कापसावर पैसा मिळतो म्हणून मालक कापूसच लावावयास सांगे. शाळा सुरू होण्यापूर्वीं वॉशिंग्टन यांनीं महिनाभर या खेड्यांतून प्रवास केला. कापसाचीं झाडें कुटुंबाच्या झोंपडीच्या दारापर्यंत आलेलीं त्यांना आढळलीं. डुकराची चरबी आणि मक्याची भाकर हेंच बहुतेकांचें रोजचें अन्न, आणि तेंहि गांवच्या दुकानांतून चढ्या भावानें विकत आणलेलें. पायाखालची जमीन हवी ती भाजी पिकवूं शकत होती. पण त्या जमिनीच्या तुकड्यावर भाजीचा एक वाफा म्हणून नव्हता. भाजीला दिलेली जागा म्हणजे कापसाची बुडालेली जागा, हा मालकाचा हिशेब कुळांच्याहि अंगवळणीं पडला होता.

त्याच प्रवासांतील एक दृश्य वॉशिंग्टन यांनीं आपल्या आत्मचरित्रांत नोंदविलें आहे. एका खोलीच्या झोंपडींत एक तरुण बसलेला. कपडे तेलकट, भोंवतीं घाण, अंगणांत आणि परसांत तण माजलेलें. आणि तो तरुण फ्रेंच भाषेचें व्याकरण घोकत होता. वॉशिंग्टन यांना हें दृश्य अतिशय खेदजनक वाटलें. पुढील सारा वाद या एका चित्राभोंवतीं फिरला, म्हणून तें येथें लक्षांत ठेवावयास हवें.

नव्या शाळेंतील विद्यार्थी बहुधा वयानें मोठे, कांहीं तर स्वतः खेड्यांत शिक्षकी केलेले. जमीन साफ करावयाची आहे असें सांगितल्यावर त्यांचीं तोंडें उतरलीं. शिकावयाचें तें कुदळ हातांतून सुटावी म्हणून. आणि शाळेंत येऊन पुन्हां कुदळच? आईबापांचीं पत्रें येऊं लागलीं, कांहीं जण स्वतः येऊन थडकले: आमच्या मुलाला काम करावयास लावूं नका, त्याला पुस्तकें शिकवा. वॉशिंग्टन यांनीं वाद घातला नाहीं. रोज दुपारीं वर्ग संपले कीं तेच खांद्यावर कुऱ्हाड टाकून रानांत जाऊं लागले. मुख्याध्यापक झाडें तोडतो आहे हें पाहून विद्यार्थीहि एक एक करून मागें आले. त्यांनीं सुमारें वीस एकर जमीन साफ केली आणि तींत पीक लावलें.

मात्र कुऱ्हाड चालविणें वेगळें आणि शेत शिकविणें वेगळें. दुसऱ्या कामासाठीं शास्त्र जाणणारा माणूस हवा होता. तो १८९६ सालीं आला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म मिझुरी संस्थानांत गुलामगिरीच्या अखेरच्या दिवसांत झाला. आयोवा येथील शेतकी महाविद्यालयांत शिकून त्यांनीं वनस्पतिशास्त्रांत उच्च पदवी मिळविली होती. त्यांच्या बालपणाची एक हकीगत मोठी बोलकी आहे. हा मुलगा नाजूक प्रकृतीचा. त्याला झाडांचें वेड. फुलांपायीं वेळ घालविणें हा त्या कष्टाच्या घरांत खुळेपणा समजला जाई, म्हणून त्यानें घरापासून थोड्या अंतरावर झुडुपांच्या आड आपली लहानशी बाग लपवून केली होती. आजारी रोपें बरीं करणारा मुलगा म्हणून शेजारपाजारचे लोक त्याला ओळखूं लागले. शिकविण्यासाठीं शाळा लागते, पण पाहण्याची दृष्टि आधीं कुंपणाबाहेरच येते, हें कार्व्हर यांना असें स्वानुभवानें ठाऊक होतें.

टस्कीगींत त्यांच्या वाट्याला प्रयोगशाळा म्हणून रिकामी खोली आली. आयोवांतील स्नेह्यांनीं निरोपाच्या वेळीं दिलेला सूक्ष्मदर्शक एवढीच काय ती संपत्ति. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते गांवचे उकिरडे धुंडाळीत निघाले. फुटक्या बाटल्या, बरण्यांचीं झांकणें, तारेचे तुकडे, जुनीं भांडीं असें जें सांपडलें तें उचलून आणलें. बाटल्यांचे गळे कापून त्यांचीं पात्रें केलीं, शाईच्या दौतीला वात लावून दिवा केला. पुढच्या वर्षीं अलाबामा सरकारनें टस्कीगीला शेतकी प्रयोगक्षेत्रासाठीं वर्षाला १,५०० डॉलर देऊं केले. गोऱ्यांच्या ऑबर्न येथील क्षेत्राला मिळणाऱ्या रकमेच्या मानानें ही रक्कम अगदीं क्षुल्लक होती. या तुटपुंजेपणानेंच कार्व्हर यांच्या कामाला त्याचा विशिष्ट घाट दिला असें म्हटलें तर तें पूर्ण खरें होणार नाहीं. अधिक पैसा मिळता तर त्यांनीं तो आनंदानें घेतला असता, तशी मागणी त्यांनीं वारंवार केलीहि. मात्र एक गोष्ट खरी. जो प्रयोग विकत घेतलेल्या खतावांचून जमत नाहीं, तो प्रयोग गरीब कुळाच्या कामाचा नाहीं, हें त्यांनीं आरंभींच ओळखलें.

जमीन थकलेली होती. वर्षानुवर्षें कापूस घेऊन तिच्यांतील नत्र संपलें होतें. यावर कार्व्हर यांचा उपाय आपल्याकडील शेतकऱ्यास मुळींच अपरिचित वाटणार नाहीं. कापसानंतर चवळी लावावी, भुईमूग लावावा. द्विदल पिकांच्या मुळांवर ज्या बारीक गांठी येतात, त्यांतील सूक्ष्म जंतू हवेंतील नत्र पकडून जमिनीला देतात. जर्मन शास्त्रज्ञांनीं याचा उलगडा १८८० नंतरच्या दहा वर्षांत नुकताच केला होता. शाळेंतील मुलाला हें शास्त्र शिकवावयास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. चवळीचें एक रोप मुळासकट उपटून, माती झटकून त्याच्या हातीं द्यावें, म्हणजे गांठी दिसतात. दुसरा उपाय खताचा. रानांतील कुजलेला पालापाचोळा आणि दलदलीच्या कडेचा काळा गाळ आणून त्याचा ढीग करावा, पाऊस त्यावर पडूं द्यावा, आणि तो मुरला कीं वाफ्यांत घालावा. त्याला लागते ती टोपली आणि पोरांचे हात. बियांचा प्रश्न थोडा अवघड होता; परंतु केंद्र सरकारच्या शेतकी खात्याकडून फुकट बियाण्याच्या पुड्या मिळत, त्या कार्व्हर मिळवीत आणि वांटीत. खात्याचे त्या वेळचे मंत्री जेम्स विल्सन हे आयोवांतील त्यांचे जुने स्नेही, ही ओळख येथें उपयोगीं पडली.

टस्कीगीच्या आवारांत लहान मुलांसाठीं वेगळी शाळा होती. तिला बालगृह म्हणत. तेथें मुलें बागकाम करीत, आणि भावी शिक्षक तेथेंच धडे देण्याचा सराव करीत. हे शिक्षक पुढें ज्या खेड्यांत जात, तेथील शाळा म्हणजे लांकडी खोपटें. वर्ष तीन-चार महिन्यांचें, आणि तेंहि कापसाच्या वेचणीनंतरचें. कारण वेचणीला मुलांचे हात हवे असत आणि पेरणीखुरपणीला पुन्हां हवे असत. बाग करावयाची ती या मधल्या थंडीच्या दिवसांत. सुदैवानें अलाबामाचा हिंवाळा सौम्य. सलगम, मोहरीचा पाला, कोबीच्या जातीच्या पालेभाज्या त्यांत चांगल्या येतात. याच दिवसांत कापसाचें शेत उघडें पडलेलें असतें आणि घरांत खावयास सर्वांत कमी असतें. अशा शिक्षकांसाठीं कार्व्हर यांनीं १९१० सालीं ग्रामीण शाळांतील निसर्गाभ्यास व बागकाम या विषयावर एक पुस्तिका लिहिली. त्यांच्या पुस्तिकांची एकूण संख्या चाळिसाच्या वर जाते. त्यांची योजना सहसा तिहेरी असे: शेतकऱ्याला लागवड, शिक्षकाला शास्त्र आणि घरच्या बाईला पाककृति. भाषा इतकी सोपी कीं, चार यत्ता शिकलेल्या मुलानें ती घरीं मोठ्यानें वाचून दाखवावी. १९०६ सालीं तर शाळाच गाडीवर बसून निघाली. मॉरिस जेसप या धनिकाच्या देणगींतून अवजारें आणि बियाणीं घेऊन खेडोपाडीं फिरणारी गाडी तयार झाली आणि ती त्याच्याच नांवानें ओळखली जाऊं लागली.

या खटाटोपाचें खरें मोल किती, हें त्या वेळीं कोणालाच नीट उमगलेलें नव्हतें. १९०७ च्या सुमारास अलाबामांत पेलाग्रा नांवाच्या रोगाची नोंद मोठ्या प्रमाणावर होऊं लागली. कातडी सोलून निघते, पोट बिघडतें, बुद्धीला भ्रम होतो आणि पुष्कळ रोगी दगावतात. हा संसर्गाचा रोग असावा अशी समजूत होती. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरानें १९१४ पासून पुढें प्रयोग करून दाखविलें कीं, दोष जंतूंचा नसून ताटाचा आहे. मका, डुकराची चरबी आणि काकवी यांवर बारा महिने काढणाऱ्यालाच तो जडतो. त्यांतील उणें पडणारें जीवनसत्त्व १९३७ सालीं निश्चित झालें. भुईमूग त्या सत्त्वानें समृद्ध आहे, हें कळल्यावर शाळेच्या वाफ्याकडे पाहण्याची दृष्टि बदलते. ती केवळ हस्तोद्योगाची तासिका नव्हती.

तरीहि आईबापांच्या त्या पत्रांतील आक्षेप निकालांत निघाला होता असें नव्हे. त्याला समर्थ वाणी दिली ती डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनीं. १९०३ सालच्या आपल्या प्रख्यात निबंधसंग्रहांत त्यांनीं वॉशिंग्टन यांच्या त्या फ्रेंच व्याकरणवाल्या तरुणाचा उल्लेख करून विचारलें कीं, सॉक्रेटिस किंवा असिसीचा संत फ्रान्सिस यांना यावर काय वाटलें असतें? तण माजलेल्या अंगणांत बसून परभाषा शिकणारा मुलगा त्यांच्या दृष्टीनें हास्यास्पद नव्हता. आशा उरली असेल तर ती त्याच्यांतच होती. ड्यू बॉइस हार्वर्डचे पंडित होते खरे, पण त्यांना खेडें ठाऊक नव्हतें असें कोणी म्हणूं नये. विद्यार्थिदशेंत दोन उन्हाळे त्यांनीं टेनेसींतील एका खेड्यांत ओंडक्यांच्या खोपटांत शाळा चालविली होती, आणि शेतांत काम निघालें कीं मुलांच्या जागा कशा रिकाम्या पडतात हें डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांचा मुद्दा असा कीं, मताचा हक्क आणि उच्च शिक्षण यांवांचून नुसत्या हातांच्या कौशल्यानें माणूस मोकळा होत नाहीं. अलाबामानें १९०१ सालीं नवी राज्यघटना करून बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला होता. शाळांच्या पैशाची वांटणी कशी व्हावी हें सांगण्याचा हक्कच त्यांना उरला नाहीं, आणि वांटणी तशीच झाली. मुळांत खर्च कमी कां, हा प्रश्न न विचारतां कमी खर्चांत बाग कशी करावी हें शिकविणें ही एक प्रकारची शरणागतीच, असें कोणी म्हटलें तर त्याला उत्तर देणें सोपें नाहीं. कार्व्हर यांच्या अंगीं राजकारण नव्हतें; त्यांनीं उत्तर दिलेंहि नाहीं. ड्यू बॉइस यांचें म्हणणें हक्काच्या दृष्टीनें निःसंशय बरोबर होतें. परंतु हक्क मिळेपर्यंतच्या प्रत्येक हिंवाळ्यांत जेवावयाचें काय, याला त्यांच्या ग्रंथांत उत्तर नाहीं.

दोन्ही बाजू ज्यांना रोज सांभाळाव्या लागल्या त्या बहुतेक स्त्रिया होत्या. व्हर्जिनिया संस्थानांतील हेन्रायको परगण्यांत व्हर्जिनिया रँडॉल्फ नांवाच्या शिक्षिका १८९२ पासून एका खोलीची शाळा चालवीत होत्या. त्यांनीं मुलांकडून शाळेचें आवार झाडून घेतलें, झाडें लावून घेतलीं, शिवण आणि स्वयंपाक शिकविला. आईबापांनीं तक्रार केली तेव्हां त्या घरोघर गेल्या. १९०८ च्या वृक्षारोपणदिनीं त्यांनीं मुलांसह शाळेभोंवतीं बारा सिकॅमोर वृक्ष लावले आणि त्यांना ख्रिस्ताच्या बारा शिष्यांचीं नांवें दिलीं. त्याच्या आदल्याच वर्षीं फिलाडेल्फियाच्या ॲना जीन्स या बाईंनीं कृष्णवर्णीयांच्या ग्रामीण शाळांसाठीं दहा लक्ष डॉलर दिले होते. त्या निधींतून नेमलेल्या पहिल्या फिरत्या शिक्षिका रँडॉल्फच होत. पगार महिना चाळीस डॉलर, आणि देखरेखीला परगण्यांतील वीसएक शाळा. पुढें दक्षिणेंत अशा शेंकडों 'जीन्स शिक्षिका' झाल्या. एवढ्या पगारांत त्यांनीं काय काय केलें याची यादी करूं लागलें तर अनेक खात्यांच्या अधिकाऱ्यांना लाज वाटावी.

१९१२ नंतर टस्कीगींतूनच दुसरी एक योजना निघाली. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनीं शाळागृहांसाठीं पैसे देऊं केले, पण अट अशी कीं, गांवकऱ्यांनीं आणि सरकारनेंहि आपला वांटा उचलावा. शाळेला निदान दोन एकर जागा असावी, म्हणजे मैदान आणि बाग दोन्ही होतील, असाहि त्यांच्या निधीचा आग्रह होता. १९३२ पर्यंत पंधरा संस्थानांत अशा जवळजवळ पांच हजार शाळा उभ्या राहिल्या. हिशेब मांडल्यावर दिसून आलें कीं, रोझेनवाल्ड यांच्या निधीचे सुमारें ४४ लक्ष डॉलर, आणि कृष्णवर्णीय गांवकऱ्यांनीं दिलेले सुमारें ४७ लक्ष. ज्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें त्यांनीं दात्याहून अधिक दिलें. सरकारच्या मनांत आलें म्हणजे बागेला पैसा कसा मिळतो हेंहि याच काळांत दिसलें. पहिल्या महायुद्धांत अन्नाची टंचाई भासतांच अध्यक्ष विल्सन यांनीं शाळकरी मुलांची 'बागसेना' उभी केली, तिला गीतें आणि बिल्ले दिले. आणि युद्ध संपल्यावर ती गुंडाळली गेली.

हा वाद हिंदुस्थानांत यावयाचा होता, आणि तो आला. दक्षिण आफ्रिकेंत असतां गांधीजींनीं १९०३ सालीं 'इंडियन ओपिनियन' पत्रांत बुकर वॉशिंग्टन यांच्यावर गौरवपर लेख लिहिला होता. १९१० सालीं निघालेल्या टॉलस्टॉय आश्रमांत मुलें खड्डे खणीत, झाडें तोडीत, बागकाम करीत. १९२९ सालीं दीनबंधु अँड्र्यूज टस्कीगीला गेले, आणि पुढें गांधीजींच्या शाकाहारी आहाराविषयीं कार्व्हर यांनीं सल्ला पाठविला. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्धा येथें शिक्षणपरिषद भरली, झाकिर हुसेन समितीनें मूलोद्योगांची यादी केली, आणि सूत कातण्याच्या बरोबरीनें फळभाज्यांच्या बागेला त्या यादींत जागा मिळाली. लगेच तोच जुना प्रश्न उठला. ज्यांच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या जातीचें काम म्हणून माती उपसली, त्यांच्या मुलांना शाळेंतहि तेंच? या प्रश्नामागील वेदना दोन्ही देशांत सारखीच होती, डॉ. आंबेडकरांनीं १९४६ सालीं ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिति किती सारखी आहे हें नमूद केलें तें उगीच नव्हे. मूलोद्योग शिक्षणाचा पुढें र्‍हास झाला. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगानें त्याच्या जागीं 'कार्यानुभव' सुचविला, आणि पुष्कळ शाळांत तो आठवड्याच्या एका तासापुरता राहिला. शहरांतील सुखवस्तु घरांनीं खुरपें हातीं घेण्याचा आग्रह खेड्यांतील मुलांपुरताच ठेवला, हें त्याच्या अपयशाचें एक कारण खचित मानावें लागेल.

१९८१ सालीं वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' प्रसिद्ध झालें आणि हा माणूस मराठी घराघरांत पोंचला. वाचकांच्या मनांत तो भुईमुगाचा जादूगार म्हणून ठसला आहे. भुईमुगाच्या १०५ पाककृतींची त्याची पुस्तिका १९१६ ची. तोंवर शाळांच्या वाफ्यांत त्याचीं वीस वर्षें गेलीं होतीं. ५ जानेवारी १९४३ रोजीं कार्व्हर वारले. त्याच्या आदल्या वर्षीं, दुसरें महायुद्ध चालू असतां, त्यांनीं आणखी एक पुस्तिका काढली. तिचा विषय असा कीं, ज्याला वाफाहि करतां येत नाहीं त्यानें निदान बांधावरचीं खाण्याजोगीं तणें ओळखावीं. त्या तणांतील एक, तिकडे कुंपणाच्या कडेला उगवून उपटून फेंकलें जाणारें, म्हणजे मराठी घरांत ताक घालून शिजवला जाणारा चाकवत.